त्रिकोण, तीन चार्ज आणि धोंडीबाकाका

मला लग्न नको होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जो तमाशा केला त्याला निदान काहीतरी कारण होतं एवढं तरी तुम्ही म्हणाल. मला एम. एस्सी. करायचं होतं, फिजिक्स घेऊन, पुण्याला जाऊन. पण आमच्या पिंपरीच्या चाळीत बी. एस्सी. झालेली मुलगी म्हणजे शिजून तयार झालेला भात. आता वाढायला उशीर कशाला, असं सगळ्यांचं मत. सगळ्यांत पहिलं मत माझ्या आईचं, कस्तुराबाईचं.

माझे वडील भीमराज ओव्हाळ, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, कंपनीच्या फाउंड्रीत होते. दिवसभर भट्टीसमोर उभे राहणारे आप्पा घरी आईसमोर मात्र पाच मिनिटं टिकायचे नाहीत. त्यामुळं स्थळं येत राहिली. एकानं विचारलं, गाता येतं का? दुसऱ्याच्या आत्यानं माझी वेणी खरी की खोटी म्हणून ओढून पाहिली. तिसरा म्हणाला, लग्नानंतर तो क्लास बंद करणार ना? त्याच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं. कसं पडलं, देव जाणे.

तो क्लास म्हणजे माझा जीव होता. संध्याकाळी समाजमंदिरात मी बारावीच्या पोरापोरींना फिजिक्स शिकवायची. बारावी तेव्हा नवीनच निघालेली, एकोणऐंशी साल हे, आणि साहित्य म्हणाल तर माझ्याकडं थर्मोकोलचे तीन गोळे. आप्पांनी मशीनच्या पॅकिंगमधून आणून दिलेले. दोऱ्याला टांगायचे, आप्पांच्या टेरिलीनच्या शर्टावर खसाखसा घासायचे, की तिघं एकमेकांपासून टुणकन लांब पळायचे. एकाच शर्टावर घासलेले, म्हणून तिघांवर चार्ज एकाच प्रकारचा. सारखे चार्ज एकमेकांना ढकलतात. मग मी फळ्यावर त्रिकोण काढायची, तीन कोपऱ्यांवर तीन प्लस, आणि वरच्या प्लसवर खालच्या दोघांचा मिळून जोर किती ते काढून दाखवायची. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी उत्तर सांगितलं असतं मी. हे गोळे लक्षात ठेवा. माझा घात त्यांनीच केला.

मिठाच्या चहानंतर आईनं अबोला धरला. तेव्हा आप्पांनी मला ओट्यावर बसवलं आणि म्हणाले, "नीले, सगळे तुलाच प्रश्न विचारतात, म्हणून तुझं डोकं फिरतं ना? मग या खेपेला तू विचार. एकच प्रश्न, तुझ्या त्या फिजिक्समधला. पोराला उत्तर आलं, तर जागच्या जागी हो म्हणायचं, तोंड वेंगाडायचं नाही. नाही आलं, तर तुझं एम. एस्सी. होईस्तोवर या घरात लग्नाचा विषय कुणी काढणार नाही. शब्द दिला."

"अहो, काहीतरीच काय!" आई आतून ओरडली. म्हणजे अबोला सुटला. पण आप्पांच्या तोंडून शब्द गेला तो गेला.

मी तर हवेतच. एकच प्रश्न! अहो, मी असा प्रश्न काढला असता की विचारता सोय नाही. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात विद्यापीठात जायला लागले. भाकरी थापताना जायची, धुणं पिळताना जायची.

स्थळ आणलं रंगरावमामांनी. हे आप्पांच्या कंपनीतले टाइमकीपर. गेटवर कोण किती वाजता आत आला आणि कोण किती वाजता बाहेर गेला, हे लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळं आपण चुकू शकतो ही शंका त्यांना कधी शिवलीच नाही. मुलगा कुरुळीचा, नाव ज्योतीराम. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला, भोसरीच्या एका कंपनीत मशिनांची वीज बघायला. वडील नाहीत, आई आहे, गिरजाबाई.

पिंपरीत रविवार गुरुवारी येतो. कंपनीची साप्ताहिक सुट्टी तेव्हाच. तर त्या गुरुवारी सकाळी कुरुळीहून सायकल आली. पुढं ज्योतीराम, मागं कॅरिअरवर नऊवारीचा काष्टा कसून त्याची आई. एवढा रस्ता! गिरजाबाई उतरल्या त्या दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाल्या, "आगं बया बया, हाडं जाग्यावर हायत का बघा रं कुनीतरी!"

मुलगा काही राजबिंडा नव्हता. किडकिडीत, कान बाहेर आलेले. नवाकोरा टेरिलीनचा शर्ट घातलेला, आणि फेब्रुवारीची कोरडी हवा, त्यामुळं जरा हलला की शर्ट चटचट वाजायचा. मी पोह्यांची स्टीलची बशी पुढं केली, त्यानं हात लावला, आणि टच्च! झटका बसला. दोघांनाही. खराखुरा विजेचा झटका हो, उगीच भलतंसलतं मनात आणू नका. बशी पडली नाही, पण चार शेंगदाणे उडाले.

"शर्टाचा हाय," तो खाली बघून पुटपुटला. "सॉरी."

मला हसू आलं. मी ते दाबलं, कारण मला या माणसाला नापास करायचं होतं.

रंगरावमामांनी घसा साफ केला आणि आप्पांची अट सगळ्यांसमोर सांगितली, अगदी नोटीस वाचल्यासारखी. उत्तर आलं तर हो, नाही आलं तर एम. एस्सी. दारात चाळीतली अर्धी माणसं जमली होती. शेजारच्या सुमनताई, बीडकडच्या, मधल्या अंगणात जुन्या लुगड्यावर पापड वाळत घालत होत्या, त्या हातातलं लाटणं तसंच घेऊन आल्या. गिरजाबाईंनी पदर सावरला आणि लेकाला म्हणाल्या, "आता? कर की तोंड वर!"

मी खडू घेतला आणि बैठकीच्या फरशीवर त्रिकोण काढला. तिन्ही बाजू सारख्या. वरच्या कोपऱ्यावर प्लस. खाली डावीकडं प्लस. आणि खाली उजवीकडं...

इथं माझ्या अंगात आलं. रोजचं तीन प्लसचं गणित कुठल्याही पुस्तकात असतं, यानं ते वाचलेलं असलं तर? म्हणून ऐनवेळी मी तिसऱ्या कोपऱ्यावर ठसठशीत मायनस काढला. माझ्या हुशारीवर मीच खूश.

"तिन्ही चार्ज सारख्याच ताकदीचे," मी म्हटलं. "सारखे ढकलतात, वेगळे ओढतात, हे तुम्हाला माहीतच असेल. एकाचा दुसऱ्यावर जोर असतो, त्याला एफ म्हणू. तर वरच्या प्लसवर दोघांचा मिळून एकूण जोर किती, आणि कुठल्या दिशेला?"

"यात काय अवघड?" रंगरावमामा लगेच म्हणाले. "एक ढकलतोय, एक ओढतोय. फिट्टंफाट! शून्य."

"मामा, परीक्षा तुमची नाही," मी म्हटलं.

ज्योतीराम खाली फरशीवर उकिडवा बसला. शर्ट चटचटला. त्यानं माझ्याकडून खडू मागून घेतला, वरच्या कोपऱ्यातून एक बाण काढला, मग दुसरा, आणि थोडा वेळ डोकं वाकडं करून बघत राहिला.  मग म्हणाला, "एफच. एकाचा जेवढा, तेवढाच. आन् आडवा, ह्या बाजूला." त्यानं उजवीकडं हात केला.

आडवा! वरच्यानं वर नाही, खाली नाही, चक्क आडवं जायचं? मला इतका आनंद झाला की काय सांगू. "चूक!" मी ओरडलेच. "साफ चूक! एफ गुणिले वर्गमूळ तीन! म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट! आणि सरळ वर!"

घडाघडा म्हणून टाकलं. माझा नाचरा आवाज ऐकून सुमनताईंनी टाळ्याच वाजवल्या, हातात लाटणं असताना.

ज्योतीरामनं फरशीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ. मग परत फरशीकडं. आणि उठून हात झटकत म्हणाला, "व्हय. माझंच चुकलं."

संपलं! आप्पांनी मान खाली घातली. रंगरावमामा म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, शून्य." गिरजाबाई लेकाला म्हणाल्या, "मेल्या, एवढं लांब मला सायकलवर आदळत आनलंस ते हेच्यासाठी व्हय?" पण बोलण्यात राग नव्हता. त्या माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "शीक बाई. खूप शीक. न्हाई म्हनायला आमाला बी मास्तरीन सून बरी वाटली आसती." आणि ते दोघं गेले.

आई भांडी आपटायला लागली. मी मात्र नाचत होते, खरंच नाचत होते, हातात ओलं फडकं घेऊन. एम. एस्सी.! पुणे! मी फरशीवरचा खडू पुसायला वाकले आणि गाणं म्हणत म्हणत डावा कोपरा पुसणार, तेवढ्यात त्याच्या बाणांकडं लक्ष गेलं.

एक बाण डाव्या प्लसपासून दूर जाणारा. बरोबर, प्लस ढकलतो. दुसरा बाण उजव्या कोपऱ्याकडं जाणारा. हॅ, हा उलटा काढलाय बावळटानं, तोही दूर जाणारा पाहिजे, कारण उजवा पण ढकल...

उजवा मायनस होता. मीच काढला होता. मायनस ओढतो.

माझ्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. वर्षभर मी ते तीन गोळे एकाच शर्टावर घासत आले होते. माझ्या वर्गात कुणी कुणाला ओढलंच नव्हतं कधी, सगळे नुसते ढकलायचे. आणि मी मायनस काढून उत्तर मात्र ढकलाढकलीचं ठोकून दिलं होतं! एक बाण तिरका वर, एक तिरका खाली. एकाचं वर जाणं दुसऱ्याच्या खाली येण्यानं कटतं. उरतं काय? दोघांचं उजवीकडं जाणं. अर्धा एफ आणि अर्धा एफ, म्हणजे एक एफ. आडवा. त्यानं सांगितला तस्साच.

आता खरं सांगते, फडकं फिरवलं असतं तर विषय मिटला असता. आप्पांना फिजिक्स येत नव्हतं, मामांना शून्याच्या पुढं काही येत नव्हतं, आणि आईला काही ऐकायचंच नव्हतं. एक फडकं आणि मी पुण्यात. मी फडकं उचललंही.

पण मग दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि मस्तकच फिरलं. या माणसानं बाण बरोबर काढले होते. उत्तर बरोबर आणलं होतं. परत एकदा तपासूनही बघितलं होतं, मी बघत होते! आणि तरी म्हणाला, माझंच चुकलं? म्हणजे यानं मला उत्तर दान केलं? मला? नीला ओव्हाळला?

"अगं, कुठं निघालीस?" आई ओरडली. मी तेव्हा चप्पल न घालता चाळीच्या बाहेर होते.

ते दोघं फार लांब गेलेच नव्हते. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात ज्योतीराम मागच्या चाकात हवा मारत होता आणि गिरजाबाई दुकानदाराच्या स्टुलावर बसून पाय चोळत होत्या. मला बघून त्या ताडकन उठल्या. "आगं बया, पोरगी हिकडंच आली!"

"तुमचं उत्तर बरोबर होतं," मी धापा टाकत म्हटलं.

"व्हय," तो म्हणाला. पंप चालूच.

"व्हय? म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तुमी चूक म्हनाला तवा वाटलं, आपलंच चुकलं आसंल. परत बघितलं. चुकलं नव्हतं."

"मग खोटं का बोललात? मला गणितात दया दाखवलेली चालत नाही, सांगून ठेवते! कुणी सांगितला होता शहाणपणा? लहान पोराला कॅरममध्ये जिंकू द्यावं तसं मला जिंकू दिलंत?" माझ्या हातात ते ओलं फडकं तसंच होतं, आणि बोलता बोलता मी ते असं झटकलं की दुकानदार मागं सरला.

ज्योतीरामनं पंप खाली ठेवला. "दया न्हाई हो. चूक म्हनताना तुमचं तोंड बघितलं मी. बोनसच्या दिवशी बी एवढी खुशी कुनाच्या तोंडावर बघितली न्हाई. मला कळलं, तुमाला एम. एस्सी.च पायजे. मी बरोबर म्हटलं आसतं तर अटीपायी तुमाला हो म्हनावं लागलं आसतं. आसलं हो घिऊन मी काय करू?"

  राग तर होता, भरपूर होता, पण आता तो कुणावर काढायचा तेच कळेना. 

"चला परत," मी सायकलचं हँडल धरलं.

"कशाला?"

"मी सगळ्यांसमोर चूक म्हटलं. आता सगळ्यांसमोर बरोबर म्हणणार."

"आन् अट? एम. एस्सी. जाईल की तुमचं."

"जाऊ दे!" मी म्हटलं. "फिजिक्समध्ये खोटं बोलून फिजिक्स शिकायला जाऊ का मी?"

"चल रं!" गिरजाबाई कमरेला पदर खोचत म्हणाल्या. "पोरगी बोलावतीया तर कसला इचार करतोस!"

मी अंगणात उभी राहून सगळ्यांना सांगितलं. माझं चुकलं, त्यांचं बरोबर. जोर एक एफ, आडवा. आई दारात आली ती कणकेच्या हातानंच. आप्पांच्या चेहऱ्यावर काय काय आलं आणि गेलं ते सांगता येत नाही, त्यांना हसावं की माझी कीव करावी हेच कळत नव्हतं. पण रंगरावमामा उसळले.

"आडवा कसा? अरे, एक ढकलतो, एक ओढतो! गेटवर एक आत आला, एक बाहेर गेला, हजेरी तेवढीच राहते की नाही? शून्य म्हणजे शून्य!"

"मामा, गेट एकच असतं. इथं दोन दिशा आहेत."

"तू आधी एक सांगितलंस, आता दुसरं सांगतेस. तिसरं काय सांगशील?"

यावर चाळ हसली. अर्धी मामांच्या बाजूनं झाली, कारण मामा गेटवर असतात आणि लेट मार्क लावतात. अर्धी आमच्या. मी चिडून लाल. तेव्हा ज्योतीराम हळूच म्हणाला, "करून दाखवू की. चारी बाजूला फिरनारी चाकं आसलेलं काय हाय का?"

होतं. धोंडीबाकाकांची गाडी! धोंडीबाकाका आमच्या चाळीतले भंगारवाले, अंगानं रांजणासारखे. कंपनीच्या लिलावातून त्यांनी एक लोखंडी ठेला घेतला होता. चारी चाकं चौफेर वळायची, नळावरून पाण्याचं पिंप आणायला सगळी चाळ तीच वापरायची. पण काकांचा नियम असा की गाडीवर भार म्हणून काही ठेवायचं असेल तर आधी विचारायचं. विचारलं. काका म्हणाले, "दुसरं काय ठेवू नका, मोडंल. मीच बसतो." आणि मांडी घालून बसले. तोलायचे दोन स्प्रिंगचे काटेही त्यांनीच काढून दिले.

मी अंगणात मोठा त्रिकोण आखला. वरच्या कोपऱ्यावर काका, म्हणजे प्लस. उजवा कोपरा मायनस, तो ओढणारा. तिथं आप्पांना उभं केलं, गाडीला बांधलेला दोर आणि मध्ये एक काटा त्यांच्या हातात दिला. राहिला डावा प्लस, ढकलणारा. दोरीनं ढकलता येत नाही.

"मग पलीकडनं ओढा," ज्योतीराम म्हणाला. "डाव्यानं ढकलायचं, म्हंजे त्याच्या बरोबर समोरच्या बाजूनं कुनीतरी ओढायचं. जोर तोच, दिशा तीच."

"मी वडते," गिरजाबाई म्हणाल्या. सायकलवरून आल्यापासून त्यांना काहीतरी करायचंच होतं. डाव्या कोपऱ्यातून काकांपर्यंत रेघ काढली, तशीच सरळ पुढं नेली, आणि तिच्या टोकाला दुसरा दोर आणि दुसरा काटा घेऊन गिरजाबाई उभ्या राहिल्या.

आणि तेवढ्यानंच सगळ्यांना दिसलं की हो! ढकलणारा डावीकडं म्हणून जो तो फसत होता. पण दोर धरलेली माणसं बघितली तर दोघंही उजवीकडं. गिरजाबाई उजवीकडं वर, आप्पा उजवीकडं खाली. काका दोघांच्याही डावीकडं बसलेले. आता गाडी उजवीकडं जाणार नाही तर कुठं?

"जागची हलणार नाही," रंगरावमामा म्हणाले, पण आवाज जरा बारीक झाला होता.

"सुमनताई, पापड उचला," मी म्हटलं. ते बरोबर उजवीकडं पसरले होते.

सुमनताईंनी माझ्याकडं पाहिलं, मग मामांकडं पाहिलं. "नीला, आज तू दोनदा बोललीस, दोन्हींदा येगळं. मामा एकच सांगू राहिलेत. राहू द्या पापड."

"दोघांचे काटे दहा किलोवर!" मी ओरडले. "एक, दोन, तीन!"

गाडी कुरकुरली. मग निघाली. वर नाही, खाली नाही, आडवी, मी आखलेल्या खडूच्या रेघेवरून जशी काही रुळावरून! "आली, आली!" चाळ ओरडायला लागली. काकांनी दोन्ही हात हवेत केले. आप्पा काट्याकडं डोळे लावून रेघेबरोबर सरकतायत, गिरजाबाई "दहा हाय! दहाच हाय!" म्हणून किंचाळतायत, दोघं कसे एकमेकांच्या तालात. मी गाडीबरोबर धावत होते. ज्योतीराम दुसऱ्या बाजूनं धावत होता. आम्ही दोघंही हसत होतो आणि थांबवायचं कुणालाच सुचलं नाही.

चाकांना काकांनी त्याच सकाळी तेल घातलं होतं. दोर सोडले तरी गाडी थांबेना. धोंडीबाकाका सरळ आडवे पापडांवरून गेले, कडाकडा कडाकडा, आणि भिंतीला टेकून थांबले. अंगावर जुनं लुगडं, मिशीला उडदाचं पीठ.

 मग सुमनताईंनी लाटणं उचललं, आणि त्या माझ्याकडं नाही, काकांकडं नाही, थेट रंगरावमामांकडं गेल्या. "शून्य का? हे शून्य का?"

मामा पिंपामागं गेले. "आडवं आहे," ते तिथून म्हणाले. "मान्य. एक एफ."

सगळी चाळ हसून हसून भुईला टेकली. आईसुद्धा. पण मग आप्पांनी हातातला काटा खाली ठेवला आणि तोंड पुसलं. अट सगळ्यांना आठवली. मी तर ती विसरलेच नव्हते.

"पोराचं उत्तर बरोबर," आप्पा म्हणाले.  "शब्द माझाच. नीले, आता..."

"आप्पा, थांबा," ज्योतीराम मध्येच बोलला. "मला अटीवरची बायको नको."

"गप रं मुडद्या!" गिरजाबाईंनी कपाळावर हात मारला.

"न्हाई आये. त्या आपनहून परत आल्या, तेवढंच माझ्यासाठी लई झालं. त्यांचं एम. एस्सी. होऊ द्या." मग माझ्याकडं न बघता, "तसं कुरुळीतनं पुन्याला यष्टी जाती. सकाळी हाय, सांच्याला बी हाय. पन ते आपलं उगीच सांगितलं."

उगीच म्हणे! कानापर्यंत लाल झाला होता तो. 

"मलाही अटीवर हो म्हणायचं नाही," मी म्हटलं. आईनं डोळे मिटून घेतले. "पण हे माझ्याशी एकदा खोटं बोललेत, त्याची भरपाई मला पाहिजे. मघाशी सगळ्यांसमोर म्हणालात, माझंच चुकलं. आता सगळ्यांसमोर खरं सांगा. कुणाचं चुकलं?"

तो घुटमळला. माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ, मघासारखं.

"तुमचं," तो म्हणाला.

"मोठ्यानं. काय चुकलं?"

"तुमचं चुकलं!" तो ओरडला, असा की नळावरच्या बायका वळून बघायला लागल्या. "मायनस काढला आन् बान प्लसचा लावला!"

"उद्या परत माझं चुकलं तर?"

"परत सांगीन."

"मी चिडले तरी?"

"चिडनारच की तुमी. तरी बी सांगीन."

"आणि तुमचं चुकलं तर?"

"तुमी सोडनार हाय व्हय मला?"

चाळ फिदीफिदी हसली. मी हसले नाही, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी धोंडीबाकाकांच्या पाठीवरचे पापडाचे तुकडे झटकत होते. आधी बघायला आलेल्या त्या सगळ्या मुलांनी मला काय काय विचारलं होतं. तुमचं चुकलं, असं मला तोंडावर सांगणारा, आणि तरी मला पुण्याच्या गाडीची वेळ सांगणारा, हा एकटाच.

"हो," मी म्हटलं.

रंगरावमामांनी पिंपामागून डोकं बाहेर काढलं. "कशाला हो? चुकलं त्याला, का लग्नाला?"

"दोन्हीला," मी म्हटलं.